बालकांतील सीलिअ‍ॅक विकार : रक्तातील प्रतिपिंडे काय सांगतात?

गहू, जव आणि राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, त्या विकारास सीलिअ‍ॅक विकार म्हणतात. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे. येथे रोगप्रतिकारक यंत्रणा शरीराच्याच ऊतींवर उलटते. जुनाट जुलाब, फुगलेले पोट, खुंटलेली उंची, लोहाचे औषध घेऊनही न हटणारा रक्तक्षय ही मुलांमधील परिचित लक्षणे होत. मात्र एखाद्या मुलास उलट बद्धकोष्ठता असते, तर एखाद्यास वरकरणी कोणताच त्रास नसतो. त्यामुळे निदानाची सुरुवात रक्ततपासणीने करावी लागते.

या तपासणीचा आधार म्हणजे टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज हे विकर. ग्लूटेनच्या तुकड्यांत ते असा रासायनिक बदल घडवते, की विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या व्यक्तीच्या पेशी त्यांना शत्रू मानू लागतात. पुढे या विकराविरुद्धच प्रतिपिंडे तयार होतात. १९९७ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी हे विकरच प्रतिपिंडांचे लक्ष्य असल्याचे दाखवून दिले आणि निदानाची दिशा पालटली. पूर्वी वापरली जाणारी ग्लायडिनविरोधी प्रतिपिंडांची चाचणी तुलनेने कमी भरवशाची ठरल्याने मागे पडली.

आज प्रथम या विकराविरुद्धची आयजीए वर्गातील प्रतिपिंडे मोजतात व त्यासोबत रक्तातील एकूण आयजीएही मोजतात. हे दुसरे मोजमाप खर्च वाचवण्यासाठी गाळणे महागात पडू शकते. सीलिअ‍ॅक असलेल्या शंभरांपैकी दोन-तीन रुग्णांत आयजीएचीच कमतरता असते. त्यांचा अहवाल रोग असूनही ‘सामान्य’ येतो. अशा मुलांत आयजीजी वर्गाच्या चाचण्या कराव्या लागतात.

याहून अधिक वेळा घडणारी चूक घरातच होते. शंका येताच पालक पोळी बंद करतात, मुलास बरे वाटते आणि मग तपासणी होते. तोवर प्रतिपिंडे उतरू लागलेली असतात आणि निदान अधांतरी राहते. पथ्य आयुष्यभराचे असल्याने रक्त देईपर्यंत व बायोप्सी व्हायची असल्यास तीही होईपर्यंत गहू चालू ठेवावा, असे तज्ज्ञ सांगतात.

प्रतिपिंडांची केवळ उपस्थिती पुरेशी नसते. पातळीही पाहावी लागते. बालपोटविकारतज्ज्ञांच्या युरोपीय संघटनेने २०१२ मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०२० मध्ये असे ठरवले, की पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात एंडोमायसियमविरोधी प्रतिपिंडेही आढळली, तर पालकांशी चर्चा करून बायोप्सीविना निदान करता येते. त्याखालील पातळीत दुर्बिणीद्वारे आतड्याचे नमुने घेणे आवश्यक ठरते. निरनिराळ्या कंपन्यांच्या संचांची सामान्य मर्यादा वेगवेगळी असते, त्यामुळे आकडा नेहमी त्या प्रयोगशाळेच्या मर्यादेशी ताडून वाचावा लागतो. एचएलए डीक्यू२ व डीक्यू८ ही जनुकीय चाचणी रोग जवळजवळ नाकारण्यास उपयोगी पडते, सिद्ध करण्यास नव्हे. ही जनुके असंख्य निरोगी लोकांतही असतात.

दिल्ली परिसरातील, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ९६ व्यक्तींमागे एकास हा विकार आढळला. दक्षिणेत हे प्रमाण बरेच कमी दिसते. टाइप १ मधुमेह किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुले आणि रुग्णाची भावंडे यांची लक्षणे नसतानाही तपासणी सुचवली जाते.

निदानानंतर हीच प्रतिपिंडे पथ्याचा पहारेकरी होतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ चालतात. रवा, मैदा, शेवया नाहीत. पथ्य नीट पाळल्यास पातळी काही महिन्यांत घसरू लागते व पूर्ववत होण्यास कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात. ती उतरत नसेल, तर आहारतज्ज्ञ स्वयंपाकघरातील डबे तपासायला सांगतात. बाजारातल्या अनेक हिंगांत गव्हाचे पीठ मिसळलेले असते.