बायोरेमेडिएशन म्हणजे काय? विषारी जमिनीची बाग कशी होते?

अमेरिकेतल्या सिॲटल शहरात लेक युनियन तलावाच्या काठी ‘गॅस वर्क्स पार्क’ आहे. हिरव्या टेकडीवर लोक पतंग उडवतात आणि बाजूला जुन्या कारखान्याचे गंजलेले टॉवर दिसतात. १९०६ ते १९५६ या काळात इथे आधी कोळशापासून आणि पुढे तेलापासून गॅस बनायचा. कारखाना बंद झाला, पण डांबर आणि बेन्झिन मातीत मुरलेलंच राहिलं. बेन्झिनमुळे कॅन्सर होऊ शकतो. म्हणजे नुसतं लॉन लावून भागणार नव्हतं.

सगळी माती खणून दुसरीकडे टाकता येते, पण खर्च अफाट, आणि विष फक्त पत्ता बदलतं! लँडस्केप आर्किटेक्ट रिचर्ड हेग यांनी वेगळा मार्ग निवडला. मातीत तेल खाणारे जिवाणू मुळातच असतात. त्यांना लागतो ऑक्सिजन आणि नायट्रोजनसारखं पोषण. म्हणून माती नांगरून त्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला. जिवाणू वाढले की तेलाचे रेणू तोडतात. पूर्ण तुटले तर शेवटी मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. यालाच बायोरेमेडिएशन म्हणतात. घरी कंपोस्ट केलं असेल तर ही आयडिया ओळखीची वाटेल. पतंगवाली टेकडीसुद्धा कारखान्याच्या राडारोड्यावर माती टाकून केलेली आहे. १९७५ मध्ये पार्क सुरू झालं.

पण जिवाणूंना सगळंच पचत नाही. डांबरातले मोठे रेणू तुटायला खूप वर्षं लागतात आणि शिसं किंवा आर्सेनिक तर तुटतच नाही. १९८४ मध्ये तपासणीत मातीत घातक रसायनं सापडली आणि पार्क काही महिने बंद ठेवावं लागलं. मग दूषित भागावर स्वच्छ मातीचा थर टाकला. पुढे भूजलातलं बेन्झिन काढायला जमिनीखाली पाइपने हवा सोडली. हवेबरोबर बेन्झिनची वाफ वर येते आणि ती ओढून घेतली जाते.

मातीचा थर विष संपवत नाही, ते तुमच्या हाता-तोंडापर्यंत पोहोचू देत नाही, एवढंच. म्हणून तो थर कुठे उकरला गेला, वाहून गेला का, यावर कायम लक्ष ठेवावं लागतं. एखाद्या जागेबद्दल ‘जमीन साफ केली’ असं ऐकलंत तर आधी विचारा: विष काढलं की झाकलं?

गॅस वर्क्स पार्कमध्ये गवतावर खुशाल लोळता येतं, पण समोरच्या तलावात पाय बुडवायला मनाई आहे. कारखान्याचं डांबर तिथल्या तळाच्या गाळातही गेलेलं आहे.