संयमाचें शिक्षण कीं नुसतें मौन?

शाळेंतील मुलामुलींना कामविषयक ज्ञान देतांना ‘विवाहापर्यंत संयम पाळा’ एवढें सांगून थांबावें, कीं शरीरधर्म, गर्भधारणा, रोग व त्यांपासून बचाव हें सर्व उघडपणें शिकवावें, हा वाद पश्चिमेकडून आयात झाला आहे अशी पुष्कळ सुशिक्षितांची समजूत दिसते. ती बरोबर नाहीं. आपल्याकडे हा वाद चांगला नव्वद वर्षांचा झाला आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजू मांडणारीं माणसें सामान्य नव्हतीं.

संयमाची बाजू गांधीजींची. १९३५ च्या डिसेंबरांत संततिनियमनाच्या अमेरिकन पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर त्यांना वर्ध्यास येऊन भेटल्या. कृत्रिम साधनांचा विषय निघाला, व गांधीजी ब्रह्मचर्याच्या आग्रहापासून तसूभरहि हलले नाहींत. हें सर्वश्रुत आहे. पण पुढच्याच वर्षीं, १९३६ च्या नोव्हेंबरांत, ‘हरिजन’मध्यें त्यांनीं जें लिहिलें त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. कामशास्त्र दोन प्रकारचें, एक वासना जिंकण्याचें व दुसरें ती चेतविण्याचें; दुसरें घातक खरें, परंतु पहिलें मुलांच्या शिक्षणाचा आवश्यक भाग होय, असें त्यांचें प्रतिपादन होतें. जननेंद्रियांचें कार्य मुलामुलींस समजावून दिलें पाहिजे, न दिल्यास तीं तें भलत्याच वाटेनें शिकतात व वाईट संवयींत सांपडतात, असेंहि त्यांनीं म्हटलें. आणि आपल्या हाताखालच्या मुलांना हें ज्ञान आपण आपल्या परीनें दिलें आहे, हेंहि सांगितलें. शिकविणारा मात्र स्वतः जितेंद्रिय असावा, ही त्यांची अट. या अटीनें किती शाळांना शिक्षक मिळतील, हा प्रश्न आम्ही सोडून देतों.

दुसरी बाजू रघुनाथ धोंडो कर्वे यांची. महर्षि कर्व्यांचे हे चिरंजीव मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ सालीं त्यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. लंडनमध्यें मेरी स्टोप्स बाईंनीं आपलें केंद्र काढलें तेंहि त्याच वर्षीं. १९२५ सालीं या कार्यापायीं त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैंत त्यांनीं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलें, आणि १९५३ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत तें चाललें. लेखणी गणित्याची, रोखठोक. वाचकाच्या भावना जपण्याचें कौशल्य तिला नव्हतें व त्याची तिला पर्वाहि नव्हती. परंतु या मासिकाचें खरें मोल आम्हांस त्यांतील प्रश्नोत्तरांत दिसतें. घरांत ज्याचा उच्चार करतां येत नाहीं, डॉक्टरापाशींहि जीभ रेटत नाहीं, असे प्रश्न लोक टपालानें पाठवीत आणि कर्वे त्यांना शास्त्राच्या आधारें उत्तरें देत. शाळेंत जें व्हावयास पाहिजे होतें, तें हें मासिक प्रौढपणीं, उशिरा, करीत होतें. १९३१ सालीं अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना दंड झाला. १९३४ चा दुसरा खटला तर वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. त्यांचें वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं घेतलें. खटला हरला. कोणी विचारलें व कोणी सांगितलें, एवढाच काय तो गुन्हा!

गांधीजींना ज्ञान हवें होतें तें वासनाजयाच्या हेतूनें. कर्व्यांना वाटे कीं ज्ञान द्यावें, त्याचा उपयोग ज्याचा त्यानें ठरवावा. हा भेद मूलगामी आहे, आणि आमचा कल कर्व्यांकडे आहे हें लपविण्याचें कारण नाहीं. बचावाचा मार्ग ठाऊक असतां तो मुलांपासून दडवून ठेवणें आम्हांस शिक्षकधर्माला सोडून वाटतें. परंतु मुलांशीं बोलूंच नये, असें गांधीजींनीं कधीं म्हटलें नाहीं.

तें म्हणण्यास २००७ साल उजाडावें लागलें. केंद्रानें किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठीं आंखलेल्या शिक्षणक्रमास त्या वर्षीं महाराष्ट्रानें मनाई केली. इतर कांहीं राज्यांनींहि तोच मार्ग धरला. चित्रें आक्षेपार्ह आहेत, संस्कृतीस धोका आहे, अशी हाकाटी झाली. चित्रें वाईट होतीं तर बदलावयाचीं होतीं. येथें धडाच गेला. पुढें २००९ सालीं राज्यसभेच्या याचिका समितीनेंहि शाळांत असें शिक्षण नसावें, विवाहापूर्वीं संबंध नको हाच संदेश मुलांना द्यावा, असा अभिप्राय दिला.

या संदेशाची परीक्षा अमेरिकेंत होऊन चुकली होती. १९९६ च्या कायद्यानें तेथें केवळ संयमाच्या शिक्षणासाठीं वर्षाकाठीं पांच कोटि डॉलर मंजूर झाले. त्यांतून चाललेल्या चार उपक्रमांची पाहणी अमेरिकन सरकारनेंच करविली. दोन हजारांवर मुलांच्या त्या पाहणीचा निष्कर्ष २००७ च्या एप्रिलांत प्रसिद्ध झाला: हें शिक्षण मिळालेल्या व न मिळालेल्या मुलांच्या वर्तनांत कांहींहि फरक आढळला नाहीं; पहिल्या संबंधाचें सरासरी वयहि दोघांचें सारखेंच. म्हणजे आपल्याकडे धडा बंद झाला त्याच वर्षीं हा निकाल छापून तयार होता.

२०२४ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें मुलांच्या अश्लील चित्रणासंबंधीं निकाल देतांना सर्वांगीण लैंगिक शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेनें तो वर्तमानपत्रांत वाचला. शास्त्राच्या पुस्तकांतील प्रजननाचें प्रकरण ती अनेक वर्षें ‘घरीं वाचा’ म्हणून सोडून देत असे. यंदां तें वर्गांत घेतलें, असें तिनें सांगितलें; मुलें पहिल्या दिवशीं हंसलीं, दुसऱ्या दिवशीं हंसलीं नाहींत, आणि तिसऱ्या दिवशीं एका मुलीनें चिठ्ठी लिहून प्रश्न विचारला.