वेठीपासून हौसेपर्यंत

काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आपल्या नगर जिल्ह्यातलीच, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली गोष्ट. नववीतल्या एका मुलाने छोटा रोबो मांडला होता. प्लायवूडचा तुकडा, जुन्या खेळण्यातल्या दोन मोटारी, चार सेल आणि पुढे जमिनीकडे पाहणारे दोन डोळे. पांढऱ्या कागदावर काढलेली काळी रेघ ओळखून गाडीने तिच्यावरून चालायचे होते. आम्ही समोर उभे राहिलो, त्याने बटण दाबले आणि गाडी गरकन फिरून टेबलाच्या पायावर आदळली.

‘‘सर, घरी चालत होती हो,’’ तो म्हणाला. डोळ्यांत पाणी आले होते. आम्ही गुण टाकले आणि पुढे सरकलो.

श्रोतेहो, हा प्रसंग मनात ठेवून थोडे इतिहासात डोकावू. ‘रोबो’ हा शब्द मुळात हौसेचा नाहीच. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० साली ‘आर. यू. आर.’ नावाचे नाटक लिहिले. त्यात कारखान्यात तयार केलेले कृत्रिम मजूर होते. त्यांना नाव काय द्यावे? चापेक यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी शब्द सुचवला, ‘रोबोट’. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावी लागणारी मजुरी. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे, वेठ. नाटकात पुढे हे वेठबिगार माणसांवरच उलटतात.

पण गंमत पाहा. नाटक रंगमंचावर आल्यावर आठ वर्षांच्या आत हाच शब्द हौशी मंडळींच्या हाती लागला. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये लहान आगगाड्या, इंजिने, जहाजे घरी बनवणाऱ्या छांदिष्टांचे प्रदर्शन भरायचे होते. उद्घाटनाला ड्यूक ऑफ यॉर्क येणार होते. त्यांचे येणे रद्द झाले. तेव्हा कॅप्टन विल्यम रिचर्ड्स यांनी ॲलन रेफेल या तंत्रज्ञाच्या मदतीने चक्क ॲल्युमिनिअमचा माणूस तयार केला. त्याचे नाव एरिक. एरिक उठून उभा राहिला, वाकला आणि त्याने उद्घाटनाचे भाषणही केले. त्याला चालता मात्र येत नव्हते. त्याच्या छातीवर अक्षरे होती, ‘आर. यू. आर.’. वेठबिगाराचे नाव लावून आलेला हा पाहुणा कोणाचीच वेठ करीत नव्हता. तो हौसेने बनवलेला होता आणि लोकांनी पाहावा म्हणून उभा होता.

या हौसेला शिक्षणाचे रूप दिले ते जपानमधल्या प्राध्यापक मासाहिरो मोरी यांनी. १९८१ साली तोक्योच्या तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी विद्यार्थ्यांना एक काम दिले. दोन साध्या बॅटरी सेलमध्ये जेवढी शक्ती असते, तेवढ्यावर माणसाला घेऊन चालणारी गाडी बनवा! उत्तर कोणत्याच पुस्तकात नव्हते. चाक हलके हवे, घर्षण कमी हवे, शक्ती थेंबाथेंबाने वापरायला हवी. हे सारे हातानेच कळणार होते. पुढे १९८८ मध्ये जपानी नभोवाणी-दूरचित्रवाणी संस्था एनएचकेने अशा स्पर्धा देशभर नेल्या. २००२ पासून आशिया-पॅसिफिकमधल्या प्रसारण संस्थांच्या संघटनेची ‘रोबोकॉन’ सुरू झाली. यजमान देशाने आपल्या परंपरेतला खेळ सुचवायचा आणि मुलांच्या यंत्रांनी तो तीन मिनिटांत खेळून दाखवायचा, अशी ही पद्धत.

ऑगस्ट २००८ मध्ये ही स्पर्धा आपल्या पुण्यात झाली. दूरदर्शन यजमान होते. विषय कोणता असावा? ‘गोविंदा’! उंचावरचे लोणी यंत्रांनी काढायचे. काही यंत्रे विद्यार्थ्याने चालवायची, काहींनी आपली आपण चालायचे. जिंकला तो चीनमधल्या शीआन जियाओतोंग विद्यापीठाचा संघ. २०१४ मध्ये स्पर्धा पुन्हा पुण्यात आली, तेव्हा व्हिएतनामच्या लाक होंग विद्यापीठाने बाजी मारली.

मला वाटते, दहीहंडीहून चांगला विषय सापडला नसता. हंडीखाली काय होते ते आपण गावोगाव पाहतो. थर लागतात, कोसळतात. खालची मंडळी वरच्यांना झेलतात, कोण कुठे चुकला ते बोलतात आणि पुन्हा उभी राहतात. थर कोसळला म्हणून गोविंदाला कोणी नापास करीत नाही. रोबो बनवणाऱ्यांचेही असेच असते. घरी चाललेले यंत्र चारचौघांत हमखास रुसते. नवी जागा, नवी जमीन, नवा उजेड! खरे शिकणे तिथेच सुरू होते.

आता त्या मुलाकडे परत येतो. दुपारी निघताना मी पुन्हा त्याच्या टेबलाशी गेलो, तर गाडी रेघेवरून झकास पळत होती. मी विचारले, ‘‘काय केलंस?’’ म्हणाला, ‘‘सर, खिडकीतून ऊन येत होतं. त्यानं डोळे दिपत होते. वहीचं पुठ्ठं कापून झापड लावली.’’ घरी त्याने रात्री, दिव्याखाली चाचणी घेतली होती. दोष त्याने स्वतः शोधला, उपाय स्वतः केला, तोही एक रुपया खर्च न करता.

त्याला बक्षीस मिळाले नाही. आमचे गुण देऊन झाले होते आणि आमच्या तक्त्यात दुरुस्तीचा रकानाच नव्हता. तक्ता बदला, असे मीही म्हणालो नाही. ते अजून मनाला टोचते.

आपल्याकडे दरवर्षी तालुक्यातालुक्यांत अशी प्रदर्शने भरतात. पालक, शिक्षक, परीक्षक म्हणून आपण जातो. यंत्र चालले का, एवढेच पाहून पुढे सरकू नका. दोन मिनिटे थांबा आणि पोराला विचारा, ‘‘कुठं अडलं होतं? मग काय केलंस?’’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)