किल्ली कुणाकुणाकडे आहे?

उस्मानपुऱ्यात आम्ही भाड्याने घर घेतले तेव्हा मालकांनी लॅचच्या दोन किल्ल्या हातात ठेवल्या. आधीच्या बिऱ्हाडांनी डुप्लिकेट किती करून घेतल्या होत्या, हे त्यांनाही सांगता येईना. जुन्या वाड्यात हा प्रश्न उद्भवला नसता. तिथे दाराला कडी-कोयंडा. नवा बिऱ्हाडकरू आपले कुलूप घेऊन येतो आणि जाताना घेऊन जातो. लॅचचे तसे नाही. ते दारातच बसलेले, माणसे बदलली तरी तेच.

मग करायचे काय? कुलूप तेच ठेवून त्याची किल्ली घरमालकालाच बदलता आली तर? ही कल्पना वाटते तितकी नवी नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या सॉलोमन अँड्र्यूज यांनी १८३६ सालीच असे कुलूप बनवले होते. पुढे न्यूवेल यांच्या बँकेसाठीच्या कुलपात किल्लीचे दाते सुटे असत. मालकाने ते हव्या त्या क्रमाने लावून कुलूप बंद केले की कुलूप तो क्रम धरून ठेवी. उघडायला पुन्हा तोच क्रम लागे.

या कुलपाचा प्रचार करायला ए. सी. हॉब्ज १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाला गेले. मालाची जाहिरात करण्याची त्यांची रीत न्यारी होती : त्यांनी इंग्रजांची नावाजलेली कुलपेच उघडून दाखवली. चब यांचे कुलूप अर्ध्या तासाच्या आत उघडले. ब्रामा यांच्या दुकानातले कुलूप उघडणाऱ्याला २०० गिनींचे बक्षीस होते. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण तेही उघडले. गंमत अशी, की पुढे काही वर्षांनी लायनस येल (धाकटे) यांनी न्यूवेलचे ते कुलूपही उघडले. किल्ली बदलता येते म्हणून कुलूप पक्के ठरत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि दुकानात ते हमखास एक होऊन बसतात.

येल यांनी १८६१ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तीच थोड्याफार फरकाने आजच्या बहुतेक लॅचमध्ये असते. फिरणाऱ्या गाभ्यात पिनांची रांग, प्रत्येक पिनेच्या वर दुसरी पिन आणि तिच्यावर स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत येतात व गाभा फिरतो. पिना ५ आणि प्रत्येकीच्या उंची ६ धरल्या तर ६ × ६ × ६ × ६ × ६, म्हणजे ७,७७६ जुळण्या होतात (प्रत्यक्षात काही गाळाव्या लागतात). खालच्या पिना बदलल्या की किल्ली बदलली. हे काम किल्लीवाला करतो. पुष्कळदा तो सरळ सिलिंडरच बदलतो.

स्वतः किल्ली बदलण्याच्या घरगुती कुलपात हे काम आतल्या दातेरी पट्ट्या करतात. चालू किल्ली घालून पाव फेरा द्यायचा, शेजारच्या बारीक भोकात हत्यार दाबायचे, जुनी किल्ली काढून नवी घालायची. मिनिटभराचे काम. मात्र चालू किल्ली हरवली असेल तर ही सोय उपयोगाची नाही. आणि किल्ली व हत्यार दोन्ही ज्याच्या हाती, तो आपल्यालाच बाहेर ठेवू शकतो. अशा एका कुलपाचा गाभा बळाने फिरवून उघडता येतो, हे दोन संशोधकांनी २०१३ साली लास व्हेगासच्या परिषदेत मांडले. हॉब्ज यांची परंपरा चालूच आहे म्हणायची!

वसतिगृह किंवा सतत भाडेकरू बदलणारी घरे असतील तर आम्ही तरी असे कुलूप घेऊ, दार मात्र त्याच्या एकट्याच्या भरवशावर सोडणार नाही. एका कुटुंबाला दहा वर्षांत एखाद्या वेळीच किल्ली बदलावी लागते. तिथे साधे दणकट कुलूप आणि ओळखीचा किल्लीवाला पुरे.

आम्ही सिलिंडर बदलून घेतला आणि रात्री झोपताना आतून कडी लावतो. काढलेला सिलिंडर मुलांनी टेबलावर उघडला. (वर्गात हा प्रयोग करायचा तर खाली पांढरा कापड अंथरावा.) पिना पाचही मिळाल्या. एक स्प्रिंग जी उडाली, ती अजून सापडलेली नाही.