नारूचा व्रण

स्मरणिकेसाठी गावाकडच्या जुन्या दिवसांवर काही लिहावे, असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांचा इतिहास मी काय सांगणार? पण आमच्या आजेसासूबाईंच्या घोट्यावर एक व्रण होता. त्याचा इतिहास मी त्यांना विचारून आणि थोडे वाचून जमविला आहे. तोच सांगते.

तो व्रण नारूचा होता. आजच्या मुलींना हा शब्दही ठाऊक नाही. नारू म्हणजे शेवयीसारखा पांढरा, दीड-दोन हात लांबीचा किडा. पायाला फोड येई, अंगार लागल्यासारखी आग होई आणि फोड फुटून किड्याचे टोक बाहेर डोकावे. तो ओढावा तर तुटे आणि पाय सुजून पिके. म्हणून काडीला गुंडाळून रोज थोडाथोडा बाहेर घ्यायचा. त्यात कित्येक आठवडे जात. कोणी रुईचे पान बांधी, कोणी देवीचा कोप म्हणून नवस बोले. पुष्कळदा हे दुखणे उन्हाळ्याच्या अखेरीस, पेरणीच्या तोंडावरच येई. कर्ता माणूस खाटेला खिळला की त्या वर्षाची पेरणीच हुके.

कारण होते पाण्यात. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून बायका पाणी भरीत. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की आग थांबे. पण त्याच वेळी किडा हजारो पिल्ले पाण्यात सोडी. ती पिल्ले सायक्लॉप्स नावाचे बारीक जलकीटक गिळीत. असे कीटक पाण्याबरोबर पोटात गेले की साधारण वर्षाने पिणाऱ्याच्या अंगातून नारू निघे. सायक्लॉप्सचा हा संबंध फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० साली शोधला. परंतु ती गोष्ट आमच्या मळ्यापर्यंत पोचायला शंभरावर वर्षे लागली.

आजेसासूबाई तसाच पाय घेऊन मळ्यातल्या विहिरीत उतरत. पाणी आणल्यावाचून चूल पेटणार कशी? पुढच्या वर्षी त्यांच्या थोरल्या मुलाला नारू झाला. खूप वर्षांनी आरोग्य खात्याच्या माणसाने सारे समजावून सांगितले, तेव्हा त्या घरी येऊन रडल्या. "म्याच माझ्या लेकराच्या तोंडी घातला गं," असे त्या शेवटपर्यंत म्हणत. मी म्हणे, "आजी, तुम्हांला कोणी सांगितलेच नव्हते." पण त्यांचे मन काही मानले नाही.

भारतात नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला. १९८४ साली महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रोगी आढळले. या रोगावर ना लस होती, ना औषध. मग उपाय कोणते? पाणी दुहेरी कापडातून गाळणे, नारू असलेल्याने पाण्यात न उतरणे, विहिरींत टेमिफॉस टाकणे, पायऱ्या बंद करणे आणि हातपंप बसविणे. हातपंपाच्या कथेत आपल्या जालन्याचेही नाव आहे, हे सांगताना मला अभिमान वाटतो. १९६० नंतरच्या दशकात जालन्याच्या मिशनने पोलादी हातपंप तयार केला. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाली आणि त्यातूनच गावोगावी दिसणारा 'इंडिया मार्क दोन' आला.

देशातील शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले. १९८६ साली जगात सुमारे ३५ लाख लोकांना नारू होत असे; २०२३ मध्ये जगभरात अवघे १४ रोगी नोंदले गेले.

भगिनींनो, हा रोग कोणत्याही गोळीने गेला नाही. हंड्यावर फडके बांधणाऱ्या आणि दुखरा पाय पाण्याबाहेर ठेवणाऱ्या बायकांनीही तो घालविला. पण त्यांना आधी कोणीतरी नीट समजावून सांगावे लागले. मला वाटते, आपल्या मंडळाचे खरे काम तेच आहे. कळलेली गोष्ट स्वतःपाशी न ठेवता शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत नेऊया. म्हणजे उद्या कोणा आईला आजेसासूबाईंसारखे रडावे लागणार नाही.