उंटावरून उतरून

श्रोतेहो, उंटावरच्या शहाण्याची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. एका घरी वासराचे डोके रांजणात अडकले. कोणास उपाय सुचेना, म्हणून शहाण्याला बोलावणे गेले. तो उंटावर बसून आला. दाराच्या चौकटीतून उंट आत जाईना, तेव्हा त्याने भिंत पाडण्याचा सल्ला दिला. भिंत पडली. मग त्याने वासराचे डोके उडविण्यास सांगितले, आणि डोके तरीही रांजणातच राहिले म्हणून शेवटी रांजण फोडविला. वर्गात ही गोष्ट सांगितली की मुले पोट धरून हसत. मात्र एखादा चुणचुणीत मुलगा हटकून विचारी, "गुरुजी, तो खाली का उतरला नाही?" आजचे माझे भाषण म्हणजे त्या प्रश्नाचाच थोडासा विस्तार होय.

त्यास निमित्त घडले ते असे. गेल्या हिवाळ्यात माझी पुतणी आपल्या मंडळींसह जैसलमेरला जाऊन आली. हल्ली तिकडे प्रवाशांसाठी अशी सोय असते की, सायंकाळी उंटावर बसवून वाळूच्या टेकड्यांवर हिंडवून आणतात, आणि नंतर जवळच्या खेड्यातील एखाद्या घरी चुलीपुढे बसवून बाजरीची भाकरी करावयास शिकवितात. परत आल्यावर ती मोठ्या कौतुकाने म्हणाली, "काका, अगदी वेगळेच जग हो ते! आपला नि त्याचा काही म्हणता काही संबंध नाही." मी त्या वेळी हसलो. परंतु जन्मभर इतिहास शिकविलेल्या माणसाला 'संबंध नाही' हे शब्द सहसा पचत नाहीत. म्हणून आज तो संबंध थोडक्यात दाखवावा असा मानस आहे.

माझे वास्तव्य अच्छाडला. तलासरी तालुक्यातील हे गाव मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, महाराष्ट्राच्या अगदी शिवेवर वसलेले आहे. १ मे १९६० रोजी दोन राज्ये निराळी झाली, तेव्हापासून आमच्या उत्तरेस गुजरात आणि दक्षिणेस महाराष्ट्र. बोलण्यात वारली, मराठी आणि गुजराती यांची सरमिसळ असते. पाऊस धो धो पडतो. भात आणि नागली ही आमची पिके, आणि तांदळाची किंवा नागलीची भाकर हे आमचे अन्न. जैसलमेरला वर्षभरात दोनशे मिलिमीटरदेखील पाऊस होत नाही. आमच्याकडे तेवढा एखाद्या आठवड्यात होऊन जातो. अशा चिखलाच्या मुलखात उंटाचे काय काम, असे कोणीही विचारील. तरीसुद्धा उंट आणि भाकर ही जोडी मराठी माणसाला परकी नाही.

शिवकालीन राज्यव्यवस्थेची वर्णने वाचताना अठरा कारखान्यांची नावे आढळतात. कारखाना म्हणजे येथे सरकारी खाते समजावे. त्यांत खजिना आहे, तोफखाना आहे, पीलखाना म्हणजे हत्तींचे खाते आहे. आणि त्याच यादीत उष्टरखाना आणि मुदबखखाना हीही दोन नावे आहेत. उष्टरखाना म्हणजे उंटांचे खाते, आणि मुदबखखाना म्हणजे सरकारी स्वयंपाकघर. हाच शब्द पुढे 'मुदपाकखाना' होऊन आपल्या बोलण्यात राहिला. ज्या दोन गोष्टींसाठी माझी पुतणी जैसलमेरपर्यंत गेली, त्या दोन्ही गोष्टी राज्याचा गाडा चालविण्यास अवश्य म्हणून आपल्या पूर्वजांनी एकाच यादीत मांडल्या होत्या.

उंटाचे पहिले काम ओझ्याचे: तंबू, राहुट्या, दारूगोळा वाहण्याचे. दुसरे काम बातमीचे. जवळच्या मजलेला पायी जासूद पुरे. दूरच्या आणि तातडीच्या कामास सांडणीस्वार निघे. सांडणी म्हणजे स्वारीसाठी तयार केलेली वेगवान उंटीण. घोड्याला वेळेवर दाणा, चारा आणि पाणी लागते; सांडणीला वाटेतील बाभळीचा पाला पुरतो. पेशवाईच्या काळात मराठ्यांचे राजकारण पुण्यापासून दिल्लीपर्यंत पसरले, तेव्हा या चिवट जनावराचे महत्त्व वाढले. उंट अर्थात शत्रूकडेही होते. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर अब्दालीच्या सैन्यात उंटांच्या पाठीवर बसविलेल्या हलक्या तोफा होत्या, आणि त्यांचा मारा आपल्या फौजेस फार जाचला.

मराठे प्रत्यक्ष मरुभूमीतही जाऊन राहिले होते. जोधपूरच्या गादीसाठी रामसिंह आणि विजयसिंह यांच्यात तंटा पडला, तेव्हा जयाप्पा शिंदे रामसिंहाच्या बाजूने मारवाडात उतरले आणि १७५४ साली त्यांनी नागोरच्या किल्ल्यास वेढा घातला. वेढा महिनोन् महिने लांबला. १७५५ च्या जुलै महिन्यात नागोरजवळ ताऊसर येथील छावणीत मारेकऱ्यांनी जयाप्पांचा घात केला. त्यांचे बंधू दत्ताजी यांनी मोहीम पुढे चालविली, आणि अखेर तहात अजमेर मराठ्यांकडे आले. ही झाली शाळेच्या पुस्तकातील हकीकत. परंतु विचार करा, हजारो माणसे आणि जनावरे त्या रेताड मुलखात महिनोन् महिने कशी जगली असतील? दूरच्या विहिरींवरून पखालींनी पाणी आणणे, मिळेल ते धान्य दळणे आणि चुली पेटविणे ही कामे रोजच्या रोज कोणी तरी केलीच असली पाहिजेत. त्या माणसांची नावे आज आपणांस ठाऊक नाहीत. वेढ्याचे यश सरदाराच्या नावावर जमा होते. ज्यांनी उंट हाकले आणि भाकरी भाजल्या, ते 'बुणगे' या एका शब्दात गडप होतात.

आता भाकरीकडे वळू. थोड्या पावसावर आणि हलक्या जमिनीत येणारे धान्य म्हणजे बाजरी. मारवाड, कच्छ, काठेवाड आणि आपल्या देशावरील अवर्षणाचा पट्टा या सर्वांचे पोट तिने सांभाळले. परंतु तिच्यात गव्हाच्या मानाने स्निग्धांश अधिक असल्यामुळे तिचे पीठ फार दिवस टिकत नाही, लवकर कडू पडते. सबब फिरस्त्या माणसाने पिठाऐवजी दाणे बरोबर बाळगावयाचे आणि लागेल तसे दळावयाचे. शिवाय गव्हाच्या पिठातील चिकटपणा बाजरीत नाही. म्हणून पीठ ऊन पाण्यात तळहाताने रगडून मळावे लागते, आणि एका वेळी एकाच भाकरीपुरता गोळा घ्यावा लागतो. आपल्याकडे ती परातीत थापतात, तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवितात, उलटतात आणि शेवटी निखाऱ्यांवर फुगवितात. गुजराती रोटला त्याहून जाड. तो दोन तळहातांवरच थापीत वाढवितात आणि मातीच्या तावडीवर भाजतात. राजस्थानातील बाटी आणि आपल्या विदर्भातील गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे ही तर उघड उघड भावंडे दिसतात. भांडे थोडे, सरपण थोडे आणि पाणी थोडे, अशा संसारातून ही पाककला जन्मास आली आहे.

उंटाचे शरीरही याच काटकसरीवर चालते. येथे मला एका चुकीची कबुली दिली पाहिजे. उंट आपल्या मदारीत पाणी साठवितो, असे मी कित्येक वर्षे मुलांना शिकविले. ते खोटे आहे. मदार ही चरबीची असते. श्मिट-नील्सन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५३-५४ साली सहारात राहून उंटांची पाहणी केली, तेव्हा खरा प्रकार उघड झाला. उंट पाणी साठवीत नाही. तो ते जपून खर्च करतो. दिवसा तो आपल्या अंगाची उष्णता कित्येक अंशांनी वाढू देतो आणि घाम वाचवितो. रात्रीच्या थंडीत ती उष्णता टाकून देतो. वजनाचा चौथा हिस्सा पाणी घटले तरी तो तग धरतो, आणि मग मिनिटांच्या हिशेबात शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊन भरपाई करतो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी ऐकत असल्यास त्यांनी ही दुरुस्ती करून घ्यावी.

मग असे हे उपयोगी जनावर करमणुकीचे साधन कसे झाले? त्याचे उत्तर अच्छाडहून फार दूर नाही. गावाच्या पश्चिमेस भिलाड, संजाण, उंबरगाव ही रेल्वेची स्थानके लागतात. मुंबईहून सुरतेकडे जाणारा हा लोहमार्ग १८६४ साली पूर्ण झाला. एकीकडे मुंबईचे बंदर आणि दुसरीकडे आगगाडी यांच्यापुढे वाळवंटातून चालणारे उंटांचे तांडे टिकले नाहीत. ११५६ साली वसलेले जैसलमेर त्या तांड्यांच्या व्यापारावर श्रीमंत झाले होते. तेथील हवेल्या त्याची साक्ष देतात. मुंबई वाढली तसतसे ते ओस पडत गेले. पुढे १९४७ च्या फाळणीने सिंधकडील वाटाही बंद झाल्या. म्हणजे ज्या मुंबईकर प्रवाशाला आज तेथे उंटावर बसवितात, त्याच्याच शहराने त्या उंटाचे मूळ काम हिरावून घेण्यास हातभार लावलेला आहे. मग 'आपला संबंध नाही' असे कसे म्हणावे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मार्गशीर्षातील संध्याकाळी मी फिरावयास निघालो असता, गावाबाहेरच्या पडीत रबारी लोकांचा मुक्काम पडलेला दिसला. दोन उंट बसले होते. त्यांच्या पाठीवरून उतरविलेली खाट, हंडे, गोधड्या आणि एक लहान मूल, असा सारा संसार जमिनीवर मांडलेला होता. पुरुष मेंढ्यांमागे गेले होते. एक प्रौढ बाई तीन दगडांच्या चुलीवर रोटले भाजीत होती. मी गुजरातीत म्हणालो, "बेन, मला दाखवाल का हे कसे करतात ते?" तिने मला नखशिखांत न्याहाळले आणि ती म्हणाली, "काका, उभ्याने नाही येत हे. खाली बसा." मी बसलो. तिने पिठाचा गोळा माझ्या हाती दिला. पहिला रोटला मोडला, दुसराही मोडला. मूल हसू लागले. तिसरा कसाबसा तावडीपर्यंत पोहोचला. तोच तिने मला गुळाच्या खड्याबरोबर खावयास दिला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. निघताना म्हणाली, "उंट घर वाहतो, काका. आम्ही चालतो." खरोखरच त्या तांड्यात उंटावर बसलेले असे फक्त ते मूलच असे.

'उंटावरून शेळ्या हाकणे' ही म्हण आपण आळशी माणसाला लावतो. परंतु उंट आणि शेळ्यामेंढ्या बाळगणारे हे लोक त्या पायी हाकतात. उंटावरून हाकणारे बहुधा आपणच असतो. याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात घडले. कच्छचे रबारी पिढ्यान् पिढ्या विदर्भात फिरतात. शेतकरी खतासाठी आपल्या शेतात त्यांच्या मेंढ्या बसवून घेतात. २०२२ च्या जानेवारीत अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथे ५८ उंट अडविण्यात आले. ते कत्तलीसाठी चालविले आहेत, असा संशय होता. पाळणाऱ्यांना अटक झाली आणि उंट गोरक्षणाच्या आवारात गेले. अखेर न्यायालयाने उंट पाळणाऱ्यांना परत देण्याचा हुकूम केला. तक्रार करणाऱ्यांचा हेतू जनावराच्या दयेचाच असेल. परंतु त्या जनावरावर कोणाचे घर चालते, हे जवळ जाऊन विचारण्यास कोणी खाली उतरले असते, तर इतका खटाटोप पडला नसता.

राजस्थानने २०१४ साली उंटास राज्यपशूचा मान दिला आणि २०१५ च्या कायद्याने त्याची कत्तल बंद करून परराज्यात नेण्यावर निर्बंध घातले. पाळणाऱ्यांची तक्रार अशी की, त्यामुळे गिऱ्हाईकच उरले नाही आणि उंट पाळणे परवडेनासे झाले. पशुगणनेचे आकडे पाहा: २०१२ साली देशात चार लाख उंट होते, २०१९ साली अडीच लाख राहिले. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२४ हे उष्ट्रवर्गीय प्राण्यांचे वर्ष म्हणून पाळले. गौरव झाला, ही चांगली गोष्ट. पण गौरवाने जनावराचे पोट भरत नाही, आणि पाळणाऱ्याचे तर नाहीच.

श्रोतेहो, जैसलमेरला जाऊ नका असे मी म्हणत नाही. अवश्य जा, उंटावर बसा आणि भाकरीही शिका. त्या पैशाने एखाद्या घरची चूल पेटते. फक्त अर्ध्या तासाने उंटावरून उतरल्यावर, त्याची दोरी धरून इतका वेळ वाळूतून पायी चाललेल्या माणसाला त्याचे नाव विचारा. पूर्वी हे काम कोण करीत असे, मुले आता काय करतात, दूध कोण घेते, चारा कोठून येतो, हेही विचारा. भाकरी शिकविणाऱ्या बाईला तिच्या गावच्या विहिरीविषयी विचारा. आपल्या बखरींनी सरदारांची नावे जपली आणि या लोकांची गाळली; निदान आपल्या आठवणीत तरी ती राहोत.

माझ्या पुतणीला मी हे सर्व सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "काका, त्या बाईंनी मला तीन वेळा भाकरी थापून दाखविली. पण त्यांचे नाव काही मी विचारले नाही हो." पुन्हा तिकडे जाणे झाले, तर ती विचारील अशी माझी खात्री आहे.