दुसऱ्या मताचा इतिहास

निवडणूक जाहीर झाली की आपल्या वस्त्यांमध्ये दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "कोणालाही द्या, काय फरक पडतो?" आणि "आपलं एक मत गेलं काय, राहिलं काय!" ही वाक्यं बोलणारी माणसं अडाणी नाहीत. सत्तर वर्षांचा अनुभव त्यांच्या पाठीशी आहे. पण त्यांना उत्तर देताना आपले कार्यकर्ते "बाबासाहेबांनी मताचा अधिकार दिला, तो वापरा" एवढंच सांगून थांबतात, हे आम्हाला अपुरं वाटतं. मत कसं दिलं जातं, कसं मोजलं जातं आणि कसं वाया घालवलं जातं, याची बाबासाहेबांना आयुष्यभर लढाई करावी लागली. ती लढाई आपल्या तरुणांना माहीतच नाही.

२७ जानेवारी १९१९ रोजी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते. मालमत्ता आणि कर यांवर मताधिकार ठरवला तर अस्पृश्य मतदार यादीत येणारच नाहीत, हे त्यांनी तिथे दाखवून दिलं. ज्याला जमीन घेऊ दिली नाही, धंदा करू दिला नाही, त्याला मालमत्ता नाही म्हणून मतही नाही! पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी थेट प्रौढ मताधिकार मागितला. निरक्षरांना मत कशाला, असं विचारणारे तेव्हा ब्रिटिशांपेक्षा आपल्याकडचेच जास्त होते. बाबासाहेबांचं म्हणणं असं की मत म्हणजे समाजात एकत्र राहण्याच्या अटी ठरवण्याचा हक्क आहे, आणि ज्याच्यावर त्या अटी लादल्या जातात त्याला तो सगळ्यात आधी हवा. आम्ही समाजशास्त्र शिकताना लोकशाहीच्या पुष्कळ व्याख्या वाचल्या, इतकी नेमकी आढळली नाही.

आता दुसऱ्या मताकडे येऊ. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना दोन मतं होती. एक स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडायला आणि दुसरं सर्वसाधारण मतदारसंघात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात जागा वाढल्या, १४८ झाल्या, पण ते दुहेरी मत गेलं. पुणे करारावर बोलताना आपण जागांचा आकडा सांगतो. बाबासाहेबांनी मात्र पुढे दुहेरी मताचं मोल जागांपेक्षा जास्त मानलं. कारण साधं आहे. सवर्ण उमेदवाराला आपल्या दारात मत मागायला यावं लागलं असतं, आणि तरीही आपला प्रतिनिधी फक्त आपणच निवडला असता.

संयुक्त मतदारसंघ गळ्यात पडल्यावर बाबासाहेब रडत बसले नाहीत. त्यांनी मोजणीच्या पद्धतीला हात घातला. जिथे एकापेक्षा जास्त जागा आहेत, तिथे मतदाराला आपली सगळी मतं एकाच उमेदवाराला देता यावीत, असा त्यांचा आग्रह होता. मुंबई इलाख्यात ही एकत्रित मतदानाची पद्धत लागू झाली. १९३७ च्या निवडणुकीत स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले. पक्षाला एक वर्षही झालेलं नव्हतं! भायखळा-परळमध्ये स्वतः बाबासाहेबांनी काँग्रेसच्या पाळवणकर बाळू यांना हरवलं. बाळू म्हणजे नामांकित क्रिकेटपटू, आणि आपल्याच समाजघटकांतले. काँग्रेसला बाबासाहेबांसमोर नेहमी अस्पृश्यच उमेदवार का लागत असे, हा वेगळ्या लेखाचा विषय.

स्वातंत्र्यानंतर कलम ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत मिळालं, पण मोजणीची पद्धत बदलली. १९५२ ला उत्तर मुंबईतून लोकसभेच्या दोन जागा होत्या, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाला देता येत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची. एकाच पेटीत दोन्ही चिठ्ठ्या टाकल्या की दुसरी बाद. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने समाजवादी पक्षाशी युती केली होती. फेडरेशनच्या मतदाराने दुसरं मत अशोक मेहतांना द्यायचं आणि समाजवाद्यांनी बाबासाहेबांना. निकाल लागला. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६. फरक १४,५६१ मतांचा. आणि बाद झालेल्या चिठ्ठ्या किती? ७४,३३३.

हा आकडा आम्ही शिबिरात फळ्यावर लिहितो तेव्हा पोरं गप्प होतात. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी याचिका केली. दुसरं मत मुद्दाम वाया घालवा असा प्रचार कम्युनिस्टांनी केला, असा त्यात आरोप होता. याचिका फेटाळली गेली. त्या सगळ्या चिठ्ठ्या बाबासाहेबांनाच मिळाल्या असत्या, असं कोणी म्हणू नये. तो भाबडेपणा होईल. काँग्रेसची तेव्हाची लाटही खरी होती. पण राज्यघटनेच्या शिल्पकाराचा पराभव ज्या फरकाने झाला, त्याच्या पाचपट चिठ्ठ्या केराच्या टोपलीत गेल्या, हे नाकारता येत नाही.

१९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूक आली. पुन्हा दोन जागा, पुन्हा दोन मतं. दुसरं मत कोणालाच न देता जाळून टाकावं, फक्त बाबासाहेबांच्या पेटीत चिठ्ठी टाकावी, असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. मुंबईची जखम ताजी होती. बाबासाहेबांनी नकार दिला. ज्याने घटना लिहिली त्याने मत वाया घालवायला सांगायचं नाही, ही त्यांची भूमिका जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत सापडते. ते हरले. अशोक मेहता निवडून आले.

१९५७ मध्ये फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत गेलं आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर पोहोचले. म्हणजे युतीत मतांची देवाणघेवाण होऊ शकते, फक्त ती बूथपर्यंत पोहोचावी लागते. दोन सदस्यांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने संपले.

संपले ते लोकसभा-विधानसभेतून. मुंबई सोडली तर आपल्या बहुतेक महापालिकांत आजही बहुसदस्यीय प्रभाग आहेत. अ, ब, क, ड अशा जागा, प्रत्येकीला वेगळं मत. आपला मतदार राखीव जागेवरचं बटण विचार करून दाबतो आणि उरलेली तीन? ती कोणीतरी आदल्या रात्री येऊन ठरवून जातो. वस्तीत नळ कुठे जाईल, गटार कधी होईल, याचा निर्णय त्या तीन जागांवरची माणसंही घेतात. राखीव जागेवरचा आपला नगरसेवक एकटा हात वर करून काय करणार? नोटाचं आकर्षण असलेल्या मित्रांनाही एक सांगायचं आहे: लोकसभा-विधानसभेत नोटाला सर्वाधिक मतं पडली तरी त्याच्या खालचा उमेदवार निवडून येतो. १९५२ च्या दुसऱ्या चिठ्ठीपेक्षा ते फार वेगळं नाही.

आमच्या गटाने यावेळी भाषणं कमी ठेवली आहेत. मतदार यादी घेऊन घरोघरी जायचं, भाड्याची खोली बदलल्यामुळे कोणाचं नाव गळलं ते बघायचं, अठरा पूर्ण झालेल्यांचा सहा नंबरचा फॉर्म भरून घ्यायचा. आणि पुठ्ठ्यावर चार रंगांची बटणं काढून आजीबाईंकडून चारही दाबून घ्यायची. पहिल्या दिवशी एका गल्लीत अकरा नावं यादीत नव्हती.